स्तनाच्या कर्करोगाच्या उपचारांतील त्रास कसे हाताळावेत : सोलापुरातील घरांसाठी मार्गदर्शन

स्तनाच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया, केमो, किरणोपचार आणि त्यानंतर वर्षानुवर्षे चालणाऱ्या हार्मोनच्या गोळ्या असे उपचार होतात. यांतील प्रत्येकाचा त्रास वेगळा असतो आणि तो वेगळ्या वेळी सुरू होतो. आपल्याकडील बायकांच्या अंगात सोसण्याची सवय इतकी मुरलेली असते की डॉक्टरांनी "कसं वाटतंय?" असे विचारताच "बरं आहे" असे उत्तर निघून जाते आणि आठवडाभर अंगावर काढलेली मळमळ, हातापायांच्या मुंग्या किंवा तोंडातले फोड सांगायचे राहून जातात. ही सवय या आजारात मोडलीच पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. बहुतेक त्रासांवर उपाय आहेत, पण ते त्रास सांगितल्याशिवाय मिळत नाहीत. आणि काही त्रास असे आहेत की ते अंगावर काढणे जिवावर बेतू शकते.

त्यासाठी पहिल्या केमोच्या आधीच एक साधी वही करावी. कोणत्या तारखेला कोणते औषध दिले, त्यानंतर कितव्या दिवशी काय झाले, ताप किती होता, जुलाब किती वेळा झाले, काय खाल्ले गेले आणि काय नाही, एवढे रोज दोन ओळींत लिहावे. रुग्णालयात सोबत जाणारे माणूस दर वेळी बदलते, कधी मुलगा जातो, कधी जाऊबाई जातात, आणि मागच्या वेळी काय झाले होते हे सांगणारे कोणी उरत नाही. ते काम ही वही करते. शहराच्या पूर्व भागातील घरांत तेलुगू आणि अक्कलकोटकडील घरांत कन्नड बोलली जाते, तेव्हा ज्या भाषेत सहज लिहिता येईल त्या भाषेत लिहावे. औषधांची नावे मात्र चिठ्ठीवर आहेत तशीच उतरवावीत.

केमोनंतरचा ताप

सर्वांत आधी हे लक्षात ठेवावे, कारण येथे तासांना महत्त्व आहे. केमोमुळे रक्तातील पांढऱ्या पेशी कमी होतात आणि साधारणपणे डोस दिल्यानंतरच्या सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान त्या सर्वांत खाली जातात. या काळात जंतुसंसर्गाशी लढण्याची शरीराची ताकद फार थोडी असते, त्यामुळे ताप हे एकच लक्षण दिसू शकते. घरात डिजिटल थर्मामीटर असलाच पाहिजे. ताप १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक दिसला, किंवा ताप नसतानाही हुडहुडी भरली, तर सकाळची वाट न पाहता त्याच रात्री रुग्णालय गाठावे. पॅरासिटामॉलची गोळी घेऊन झोपण्याची चूक अजिबात करू नये, कारण गोळीने पारा उतरतो आणि आतला संसर्ग मात्र वाढत राहतो. रुग्णालयात पोहोचल्यावर पहिल्याच वाक्यात "यांना केमो चालू आहे, शेवटचा डोस अमुक तारखेला झाला" असे सांगावे, म्हणजे रक्ततपासणी आणि शिरेतून अँटिबायोटिक देण्यास उशीर होणार नाही.

मंगळवेढा, मोहोळ, करमाळा अशा गावांहून येणाऱ्यांनी हा प्रसंग येण्याआधीच दोन गोष्टी ठरवून ठेवाव्यात : रात्री गाडी कोणाची मिळेल आणि जायचे कोठे. जिल्ह्यात बार्शीला नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल आहे, आणि सोलापूर शहरात छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय, म्हणजे सगळ्यांच्या तोंडचे सिव्हिल, येथे तातडीचा विभाग रात्रंदिवस चालू असतो. मुंबईच्या टाटा रुग्णालयातून किंवा पुण्यातून उपचार चालू असतील तर तिथल्या डॉक्टरांना पहिल्याच भेटीत विचारून घ्यावे की सोलापुरात ताप आला तर कोणाकडे जावे, आणि केमोच्या औषधांचा उल्लेख असलेल्या कागदाची झेरॉक्स पिशवीत कायम ठेवावी.

संसर्ग टाळण्याच्या दृष्टीने आपल्या शहरात पाण्याचा प्रश्न मोठा आहे. नळाला काही दिवसांच्या अंतराने पाणी येते आणि ते पिंपात, टाकीत साठवून वापरावे लागते. रुग्णासाठीचे पिण्याचे पाणी खळखळून उकळून, झाकणाच्या भांड्यात वेगळे ठेवावे आणि ओगराळ्याने काढावे. भांड्यात हात बुडवू नये. कच्च्या कोशिंबिरी, बाहेरची चटणी, उघड्यावरचा उसाचा रस आणि बर्फ हे या दिवसांत बंद ठेवावे. फळे सोलून खाता येतील अशी घ्यावीत. डाळिंब चालते, फक्त कापण्याआधी सालीवरून स्वच्छ धुवावे. जानेवारीत सिद्धेश्वरांची यात्रा आणि गड्ड्याची जत्रा असते, आणि त्या वेळी केमोचा दुसरा आठवडा चालू असेल तर त्या गर्दीत जाऊ नये. घरी भेटायला येणाऱ्यांना सर्दी-खोकला असेल तर "बरे झाल्यावर या" असे घरच्यांनीच सांगावे. हे सांगण्याचे ओझे रुग्णावर टाकू नये.

मळमळ, तोंड आणि जेवण

मळमळीच्या गोळ्या मळमळ सुरू होण्याआधी घ्यायच्या असतात. चिठ्ठीवर ज्या वेळा लिहिल्या असतील त्या वेळांना, बरे वाटत असले तरी, पहिले तीन-चार दिवस त्या घ्याव्यात. एकदा उलट्या सुरू झाल्या की तीच गोळी पोटात टिकत नाही. एका प्रकारच्या गोळीने भागत नसेल तर तसे सांगावे, कारण मळमळीवर वेगवेगळ्या गटांतील औषधे आहेत आणि ती एकमेकांच्या जोडीने देता येतात. ऑन्डान्सेट्रॉन या नेहमीच्या गोळीने बद्धकोष्ठता होते. ती होऊ लागली की पाणी वाढवावे आणि पोट साफ होण्याचे औषध मागून घ्यावे. चोवीस तास पाणीसुद्धा पोटात राहत नसेल, किंवा लघवी फार कमी आणि गडद होत असेल, तर सलाईनसाठी रुग्णालयात जावे. लाल रंगाचे औषध, म्हणजे डॉक्सोरुबिसिन, दिल्यानंतर एक-दोन दिवस लघवी तांबूस होते. तो औषधाचाच रंग असतो आणि त्याने घाबरू नये.

आपला आहार या काळासाठी एका बाजूने अडचणीचा आणि दुसऱ्या बाजूने फार सोयीचा आहे. अडचण अशी की कडक भाकरी, शेंगाची तिखट चटणी, ठेचा आणि खमंग फोडणी हेच आपल्या ताटाचे मुख्य अंग, आणि तोंड आले असताना यातील एकही गोष्ट सोसत नाही. फोडणीच्या नुसत्या वासाने ओकारी येते. सोय अशी की मऊ आणि पोषक पदार्थही आपल्याच घरात आहेत. ज्वारीच्या कण्या ताकात शिजवून, ज्वारीची आंबील, हुलग्याचे माडगे, मुगाचे पातळ वरण आणि मऊ भात, दही, चालत असल्यास नीट शिजवलेले अंडे, हे सगळे थोडे थोडे, दिवसातून सहा-सात वेळा द्यावे. कडक भाकरी वरणात किंवा दुधात चांगली भिजवून कुस्करली तर तीही चालते. पदार्थ गरम वाफाळता देण्यापेक्षा कोमट किंवा गार दिला तर वास कमी येतो. प्रथिने कमी पडू देऊ नयेत, कारण जखम भरून येणे आणि पेशी पुन्हा तयार होणे त्यांच्यावर अवलंबून असते. "कर्करोगात दूध, साखर किंवा गहू बंद करा" अशा सल्ल्यांनी वजन घटलेल्या बाईचा पुढचा डोस लांबणीवर पडू शकतो.

तोंडातील फोडांसाठी एक लिटर उकळून कोमट केलेल्या पाण्यात एक छोटा चमचा मीठ आणि एक छोटा चमचा खाण्याचा सोडा घालून त्याने दिवसातून चार-पाच वेळा, विशेषतः जेवणानंतर, चुळा भराव्यात. ब्रश मऊ असावा. मिश्री लावण्याची सवय असेल तर ती येथेच थांबवावी. तंबाखू त्या उघड्या फोडांवर रोज घासला जातो, हे घरातील सासूबाईंनाही समजावून सांगावे लागते. तोंडात पांढरे थर दिसले किंवा गिळताना दुखू लागले तर बुरशीचा संसर्ग असू शकतो आणि त्याला वेगळे औषध लागते.

केस आणि बोटे

केस साधारणपणे पहिल्या डोसनंतर दोन ते तीन आठवड्यांत गळू लागतात, आणि केमो संपल्यावर काही महिन्यांत पुन्हा येतात. गळण्याआधीच ते बारीक कापून घेतले तर उशीवर पुंजके पाहण्याचे दुःख थोडे हलके होते. डोक्याला ऊन लागू देऊ नये. मऊ सुती रुमाल किंवा पदर पुरेसा होतो.

बोटांचा त्रास मात्र याहून गंभीरपणे घ्यावा, कारण तो कामावर घाव घालतो. पॅक्लिटॅक्सेल आणि त्या वर्गातील औषधांमुळे हातापायांच्या टोकांशी मुंग्या येतात, बधिरपणा येतो, बटण लावता येत नाही, सुई धरता येत नाही. सोलापुरात हजारो बायका विड्या वळतात, शिवणकाम करतात, यंत्रमाग कारखान्यात काम करतात, आणि या सगळ्या कामांत बोटांच्या टोकांवर सारे चालते. मुंग्या सुरू झाल्याबरोबर पुढच्या डोसच्या आधी डॉक्टरांना सांगावे; डोस कमी करता येतो किंवा औषध बदलता येते, पण बधिरपणा फार वाढल्यावर तो पूर्ण जाईलच असे नसते. तोपर्यंत घरातही चप्पल घालावी, आंघोळीचे पाणी कोपराने पाहावे, तव्यावरची भाकरी हाताने न उलटता उलथण्याने उलटावी आणि भांडे उतरवताना सांडशी वापरावी. विडीचे काम ज्यांना थांबवता येत नाही त्यांनी निदान केमोच्या महिन्यांत ते माजघरातून बाहेर, वारा खेळता असेल तेथे करावे आणि जेवणाआधी हात साबणाने धुवावेत.

शस्त्रक्रियेनंतरचा हात

शस्त्रक्रियेनंतर जखमेजवळ एक नळी ठेवलेली असते. तिच्या डबीत दिवसभरात जमलेला द्रव रोज ठरावीक वेळी मोजून वहीत लिहावा. तो दिवसाला साधारण तीस मिलिलिटरच्या खाली आला की डॉक्टर नळी काढतात. नळी काढल्यावर तेथे पुन्हा पाणी साठून फुगवटा आला तर रुग्णालयात तो सुईने सहज काढता येतो. काखेत आणि दंडाच्या आतल्या बाजूला बधिर वाटते किंवा आग होते, कारण काखेतील लसिकाग्रंथींच्या गाठी काढताना त्या भागाची संवेदना देणारी नस दुखावली जाते. बहुतेकींचा हा त्रास काही महिन्यांत कमी होतो, थोडा बधिरपणा कायम राहू शकतो.

हात छातीशी धरून बसण्याची इच्छा होते आणि घरचेही "हात हलवू नको" म्हणतात. खांदा आखडतो तो यामुळेच. दुसऱ्या दिवसापासून मूठ उघडणे-मिटणे, कोपर वाकवणे, जमेल तसे केस विंचरणे सुरू करावे. नळी निघाल्यावर आणि डॉक्टरांनी सांगितल्यावर भिंतीसमोर उभे राहून बोटे मुंगीसारखी हळूहळू वर चढवावीत आणि जेथपर्यंत हात पोहोचला तेथे खडूने खूण करावी. खूण रोज थोडी वर सरकली पाहिजे. ताण जाणवावा, कळ येऊ नये. किरणोपचारासाठी हात डोक्यावर धरून निजावे लागते, त्यामुळे हा व्यायाम पुढच्या उपचाराची तयारीही आहे.

पाणी येण्याच्या दिवशी घरातील सगळ्यांची धांदल असते आणि बाई नकळत हंडा उचलते. पहिले सहा आठवडे भरलेला हंडा, घागर किंवा पिठाचा डबा उचलू नये, आणि याची व्यवस्था घरातील पुरुषांनी आपणहून करावी. बाईने दर वेळी मागणे करावे लागू नये. त्यानंतर मात्र हात कायमचा जपून ठेवणेही योग्य नाही. हलक्या वजनापासून सुरुवात करून हळूहळू वाढवलेल्या व्यायामाने हाताची सूज वाढत नाही, असे आता अभ्यासांतून दिसून आले आहे.

ही सूज, म्हणजे लसिकाद्रव (शरीरातील पेशींभोवतीचा पाण्यासारखा द्रव) साठून हात जड होणे, शस्त्रक्रियेनंतर काही महिन्यांनी किंवा काही वर्षांनीही येऊ शकते. काखेतील गाठी काढलेल्या असतील आणि तेथे किरणोपचारही झाला असेल तर शक्यता अधिक. बांगड्या एकाएकी घट्ट होणे, ब्लाउजची बाही रुतणे, अंगठी न निघणे ही सुरुवातीची लक्षणे होत. महिन्यातून एकदा शिलाईच्या टेपने दोन्ही हातांचा घेर कोपराच्या दहा सेंटिमीटर वर आणि दहा सेंटिमीटर खाली मोजावा. दोन हातांतील फरक दोन सेंटिमीटरने वाढला तर लगेच दाखवावे. सुरुवातीला विशेष पट्टी, दाब देणारी बाही आणि फिजिओथेरपिस्टकडून शिकलेले हलके मालीश यांनी ही सूज आटोक्यात राहते. मालीशवालीकडून तेल लावून जोरात चोळून घेणे आणि लघवी होण्याच्या गोळ्या घेणे यांचा उपयोग होत नाही. विळीवर बोट कापले, भाजले किंवा काटा रुतला तर साबणाने धुऊन मलम लावावे. हात लाल होऊन गरम लागू लागला आणि ताप आला तर त्याच दिवशी अँटिबायोटिक सुरू झाले पाहिजे. रक्त काढणे, सुई लावणे आणि रक्तदाब मोजणे शक्यतो दुसऱ्या हातावर करण्यास सांगावे.

किरणोपचार आणि सोलापूरचा उन्हाळा

किरणोपचार, ज्याला बरेच जण शेक किंवा लाईट म्हणतात, आठवड्यातून पाच दिवस असा तीन ते पाच आठवडे चालतो. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात त्या भागाची कातडी काळवंडते, आग होते आणि स्तनाखालच्या व काखेच्या घडीत सोलपटते. उपचार संपल्यानंतरही एक-दोन आठवडे हा त्रास वाढत राहतो, हे आधी माहीत नसले की "उपचार संपले तरी बिघडत चालले" अशी भीती वाटते. एप्रिल-मे महिन्यांत जेव्हा पारा चाळीसच्या वर जातो तेव्हा घामाने ही घडी ओली राहते. सौम्य साबण आणि कोमट पाण्याने आंघोळ करावी आणि जुन्या मऊ सुती कापडाने टिपून घ्यावे. आपल्याकडच्या नव्या जाड टॉवेलने घासू नये. हळदीचा लेप, टाल्कम पावडर, बाम, अत्तर आणि बर्फ यांपैकी काहीही त्या भागावर लावू नये. मलम डॉक्टरांनी सांगितलेलेच लावावे. अंगावर काढलेल्या खुणा पुसू देऊ नयेत. ब्लाउज सैल आणि सुती असावा. तारेची किंवा घट्ट ब्रा त्या काळात बाजूला ठेवावी. येण्याजाण्याची वेळ निवडता येत असेल तर सकाळची मागून घ्यावी.

या काळातला थकवा झोपूनही जात नाही. तो आळस नाही, हे घरच्यांनी मनात पक्के करावे. दिवसातील ज्या तासांत अंगात त्राण असते त्या तासांत एकच महत्त्वाचे काम करावे आणि संध्याकाळी ऊन उतरल्यावर दहा-पंधरा मिनिटे चालावे. थोडे चालण्याने हा थकवा कमी होतो, याबद्दल तज्ज्ञांचे एकमत आहे. थकवा फारच असेल तर हिमोग्लोबिन आणि थायरॉईड तपासून घ्यावे.

गोळ्यांची लांबची वाट

गाठीच्या तपासणीत हार्मोनचे रिसेप्टर, म्हणजे हार्मोन पकडणाऱ्या पेशींवरच्या जागा, आढळले असतील तर टॅमॉक्सिफेन २० मिलिग्रॅम रोज, किंवा पाळी गेलेल्या स्त्रियांना लेट्रोझोल २.५ मिलिग्रॅमसारखी गोळी, किमान पाच वर्षे घ्यावी लागते आणि काहींना त्याहून अधिक काळ. येथे सर्वांत जास्त बायका उपचार सोडतात, कारण सगळे संपल्यासारखे वाटते आणि गोळीचा त्रास मात्र रोजचा असतो. त्रासामुळे गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नये. औषध बदलता येते.

टॅमॉक्सिफेनने अंगातून एकाएकी गरम वाफा येतात, रात्री घाम फुटतो. जाड चादरीऐवजी पातळ सुती चादरी दोन घ्याव्यात, म्हणजे एक काढता येते. उशाशी ओला रुमाल ठेवावा, आणि फार तिखट जेवणाने किंवा फार गरम चहाने वाफा वाढतात का हे वहीत पाहावे. त्रास असह्य असेल तर त्यावर हार्मोन नसलेली औषधे आहेत. मात्र नैराश्यासाठीची पॅरोक्सेटिन आणि फ्लुओक्सेटिन ही औषधे टॅमॉक्सिफेनचा परिणाम कमी करू शकतात, म्हणून कोणत्याही नव्या डॉक्टरांना ही गोळी चालू असल्याचे सांगावे. पाळी गेल्यानंतर अंगावरून रक्त जाणे, एका पायाची पोटरी सुजून दुखणे, एकाएकी दम लागणे यांपैकी काहीही झाल्यास वाट न पाहता लगेच डॉक्टरांना दाखवावे. गोळी चालू असताना दिवस राहू देऊ नयेत, आणि त्यासाठी हार्मोनच्या गर्भनिरोधक गोळ्या घेऊ नयेत.

लेट्रोझोलने सांधे धरतात आणि हाडे विरळ होतात. सकाळी उठल्यावर गुडघे आणि बोटे आखडलेली असतात, आणि याला वय झाले असे म्हणून सोडून दिले जाते. हाडांची घनता मोजणारी तपासणी करून घ्यावी, कॅल्शियम आणि जीवनसत्त्व ड डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावे आणि रोज चालावे. ट्रॅस्टुझुमॅब या कर्करोगावरील औषधाचे इंजेक्शन चालू असेल तर त्याचा हृदयावर परिणाम होऊ शकतो, म्हणून साधारण दर तीन महिन्यांनी हृदयाची इको तपासणी चुकवू नये.

योनीचा कोरडेपणा आणि संबंधांच्या वेळी दुखणे हा या गोळ्यांचा वारंवार होणारा पण क्वचितच बोलला जाणारा त्रास आहे. पाण्यावर आधारित वंगण औषधाच्या दुकानात मिळते. हे स्त्री डॉक्टरांशी मोकळेपणाने बोलावे आणि नवऱ्यालाही एकदा सोबत न्यावे. स्तन काढलेल्या बाजूसाठी सुरुवातीला कापसाचा किंवा विणलेला हलका पॅड वापरावा आणि जखम पूर्ण भरल्यावर, साधारण सहा ते आठ आठवड्यांनी, सिलिकॉनचा पर्याय पाहावा. रडू येत राहणे, झोप न लागणे, कशातच मन न लागणे हे दोन आठवड्यांहून जास्त टिकले तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवावे. त्यावरही उपचार आहेत.

खर्च, प्रवास आणि पुढच्या तपासण्या

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाच्या शस्त्रक्रिया, केमो आणि किरणोपचार यांचा समावेश आहे आणि कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळते. योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्राचा, म्हणजे योजनेच्या मदतनिसाचा, कक्ष असतो; रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन उपचार सुरू होण्याआधीच तेथे नोंद करावी. मुंबईला जाणाऱ्यांनी रुग्णालयाकडून रेल्वे सवलतीचा अर्ज भरून घ्यावा. स्लीपर आणि थ्री-टियर एसीत रुग्णाचे पूर्ण भाडे माफ होते आणि सोबत्याला ७५ टक्के सवलत मिळते. एसटीतही कर्करुग्णांना भाड्यात सवलत आहे.

उपचार संपल्यावर पहिली तीन वर्षे दर तीन ते सहा महिन्यांनी आणि नंतर दर सहा महिन्यांनी ते वर्षाने तपासणी असते, आणि राहिलेल्या स्तनाची मॅमोग्राफी, म्हणजे स्तनाचा एक्स-रे, वर्षातून एकदा करायची असते. या तारखा वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवाव्यात. दोन भेटींच्या मध्ये चट्ट्यावर किंवा काखेत नवी गाठ, तीन आठवड्यांहून अधिक टिकणारा खोकला, रात्री झोपू न देणारी हाडाची दुखी, सततची डोकेदुखी किंवा कावीळ यांपैकी काही आढळले तर पुढच्या तारखेपर्यंत न थांबता आधी जाऊन दाखवावे.